तिच्या नावाचा दिवा नको

सुमन गेली तेव्हा मी ऑटोरिक्षात होतो. मांडीवर दवाखान्यात तिला द्यायचा पेजेचा डबा होता, कुडव्याहून मुलीच्या घरून भरून आणलेला, आणि गोंदियाच्या रेल्वे फाटकाशी मालगाडीसाठी आम्ही थांबलो होतो. जावयाचा फोन आला. "बाबूजी, कुठवर आले?" मी म्हटलं, फाटकावर. "आता घाई नका करू," तो म्हणाला, आणि मला कळलं. ऑटोवाल्यानं मागं वळून विचारलं, "चाचाजी, सब ठीक?" मी म्हटलं, "नहीं. मगर चलो, जाना तो पडेगा." त्याच दिवशी तिला गावी आणलं, सगळं आटोपलं, आणि घरी येऊन मी तोच डबा उघडून पेज खाल्ली. पाहुण्यांना ते आवडलं नाही. बायकोला जाळून आला आणि जेवायला बसला, असं कोणी तरी पडवीत बोललं. मला भूक लागली होती. शिवाय ती पेज तिची होती. ती शिळी म्हणून दुसऱ्या कोणी उकिरड्यावर ओतावी, हे मला चालणार नव्हतं.

दुसरी गोष्ट मला चालली नाही ती म्हणजे भेटायला येणारा जो तो मला सांगू लागला की बाई आता तारा झाल्या. तिला सगळा गाव बाई म्हणत असे, कारण अर्धा गाव तिच्या हाताखाली शिकला आहे. पण ताऱ्यांच्या बाबतीत तिच्यासमोर असं बोलायची कोणाची हिंमत नव्हती. वर्गात कोण्या पोरानं 'माझी आजी तारा झाली' म्हटलं की ती त्याला जवळ घेऊन सांगत असे, "आजी आजीच होती, बाबू. तारा म्हणजे जळणारा वायू. आजीनं तुले भात चारला, तारा चारन का?" म्हणून मी पण येणाऱ्यांना तेच सांगितलं. ती तारा-बिरा झाली नाही. ती मेली. ज्याला खोटं बोलून धीर द्यायचा असेल त्यानं चहा पिऊन घरी जावं. मीना, माझी मुलगी, आतून डोळे वटारत होती. तिला वाटलं बाप वेडा झाला.

मी चवथी शिकलो. आमची धानाची शेती आहे, इटियाडोह धरणाच्या कालव्यावर, आणि शेती सोडून मी दुसरं काही केलं नाही. सुमन जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीन होती. लग्न ठरलं तेव्हा तिच्या काकानं तिला विचारलं म्हणे, पोरगा कमी शिकलेला आहे, चालन का? ती म्हणाली, पोरगा खरं बोलते का ते सांगा. हे तिनंच मला मागाहून सांगितलं, आणि भांडण झालं की दर वेळी ऐकवलं. मी तिला मास्तरीनच म्हणत आलो. ती मला "आयकता का" म्हणे. ऐकत नसे मी, हा भाग वेगळा.

ताऱ्यांचं वेड तिला नोकरीच्या मधल्या काळात लागलं. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणाला ती नागपूरला गेली होती. तिथं कोणी तरी सांगितलं की काही तारे एकसारखे राहत नाहीत. वाढतात, मंदावतात, काही तर अचानक भडकतात, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला मोठी दुर्बीणच लागते असं नाही, साध्या डोळ्यांची माणसं पण लागतात. ती परत आली ती एक नकाशा घेऊन. बस स्टँडवरून घरी येईपर्यंत तेच बोलत होती. मी विचारलं, "हे पाहून भेटते काय?" ती म्हणाली, "काहीच नाही भेटत." मी म्हटलं, "मग कायले पाहतेस?" ती म्हणाली, "मी पाहिलं नाही त ते कोणी पाहिलंच नाही असं होते न. तो दिवस रिकामा राहते." मला तेव्हा हे काही समजलं नाही.

तेव्हापासून आभाळ साफ असलं की संध्याकाळचा स्वयंपाक थोडा मागं पडत असे. घरामागं आमची वाडी आहे, वांगी-वाल लावतो ती. तिथं बाज टाकून ती उताणी पडे. तिचे बरेच तारे होते, पण हिवाळाभर तिचा जीव होता तो आर्द्रेवर. आता आर्द्रा म्हटलं की आम्हा धानवाल्यांच्या डोक्यात पाऊस येतो. आर्द्रा लागली, वाहन कोणतं, धानाची लावणी म्हणजे रोवणा कधी... एवढंच मला ठाऊक. ते नक्षत्र म्हणजे वर खरोखर दिसणारा एक तारा आहे, लालसर, म्हातारा, फुगलेला, हे मला तिनं माझे केस पिकल्यावर दाखवलं. मी म्हटलं, "हा त आपल्यासारखाच म्हातारा हाय." ती म्हणाली, "आपल्यापेक्षा चांगला हाय. किरकिर नाही करत."

कसं पाहायचं ते तिनं मला कितीदा तरी सांगितलं होतं, मी अर्ध्या कानानं ऐकलं होतं. आर्द्रा किती उजळ आहे हे एकट्या आर्द्रेकडे पाहून सांगता येत नाही. तिच्यापेक्षा थोडा उजळ एक तारा घ्यायचा, थोडा मंद एक घ्यायचा, दोघांची उजळी नकाशात लिहिलेली असते, आणि आर्द्रा त्या दोघांच्या मधात कुठं बसते ते डोळ्यानं ठरवायचं, आणि तो आकडा तारे पाहणाऱ्यांच्या मंडळाला पाठवायचा. मंद बाजूला बहुतेक रोहिणी असे. मिलवाला तळहातावर दोन तांदूळ घेऊन तिसऱ्याचा दर्जा ठरवतो, तसंच. आणि लाल ताऱ्याकडे टक लावायची नाही, हा तिचा कडक नियम. टक लावली की लाल तारा डोळ्यात वाढत जातो, आहे त्याहून मोठा वाटतो. झटकन पाहायचं, नजर काढायची, पुन्हा पाहायचं. मीनानं तिचा मोठा फोटो हार घालून बैठकीत लावला आहे. मी त्याच्याकडे तसंच पाहतो. येता-जाता, झटकन. जास्त पाहिलं की ती होती त्याहून देवी वाटायला लागते, आणि ती देवी नव्हती. भाजीत मीठ जास्त टाकत होती आणि कबूल करत नव्हती.

करोनाच्या आधीच्या हिवाळ्यात आर्द्रा खरोखर मंदावली. साऱ्या जगात बोभाटा झाला म्हणतात, पण आमच्या वाडीत तो आधी झाला. एक दिवस ती घरात आली आणि म्हणाली, "आयकता का, बाहेर या, रोहिणीपेक्षा उणी झाली." मी गेलो. मलाही ती उणीच दिसली. गावात बातमी पसरली की आर्द्रा विझून राहिली, आता पाणी पडणार नाही. लोक अंगणात येऊन विचारायचे. ती सगळ्यांना हसून सांगे, पावसाचा याच्याशी काही संबंध नाही. मागाहून शास्त्रज्ञांनी सांगितलं की ताऱ्यानं स्वतःचीच धूळ ओकली होती आणि तिच्याआड तो झाकला गेला होता. तेव्हा लोक विचारत, बाई, हा फुटन म्हणतात ते खरं का? ती म्हणे, खरं आहे, एक दिवस फुटणार, दिवसाढवळ्या दिसणार. कधी? तर उद्या, नाही तर लाख वर्षांनी. लोकांना असं उत्तर आवडत नाही. तिला त्याची पर्वा नव्हती.

आता खांबाचं सांगतो. तिच्या तेरवीनंतर काही दिवसांनी योगेश आला. योगेश म्हणजे आमचा सरपंच, तिचाच विद्यार्थी, मनाचा चांगला. बसला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "काकाजी, बाईची आठवण राहाले पायजे म्हणून आमी ठरवलं. तुमच्या वाडीमागच्या चौकात बाईच्या नावानं हायमास्ट लावतो. मोठा. सारा गाव उजेडात येते." मग मला हसू आलं, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा आलं. जन्मभर अंधार शोधणाऱ्या बाईच्या नावानं, तिच्याच बाजेवर उजेड पाडणारा दिवा. "कोण्या शहाण्याच्या डोक्यात आलं हे?" मी विचारलं. तो लाजून म्हणाला, "माझ्याच, काकाजी." मी म्हटलं, "नाही लावायचा." मीना म्हणाली, "बाबा, राहू द्या न. लोकं प्रेमानं करून राहिले." मी म्हटलं, प्रेमानं करा नाही तर रागानं करा, खांब उभा नाही होणार.

पण खांब येऊनही पडला होता, चौकात, रस्त्याच्या कडेला. म्हणून गोष्ट ग्रामसभेत गेली. तिथं मला वाटलं होतं तसं सोपं नव्हतं. केवळाबाई उठली. ती चौकापलीकडच्या बोळीत राहते, विडीच्या कामावरून अंधार पडल्यावर घरी येते. "भाऊजी, तुमची बायको माझ्याही पोराची बाई होती," ती म्हणाली, "पण तिच्या ताऱ्यासाठी आमी साप तुडवाचे का? पावसाळ्यात या आमच्या बोळीत, चालून दाखवा." केवळाबाईचं म्हणणं खरं होतं आणि खरं असलं की मला उलट बोलता येत नाही. मी म्हटलं, "तुले उजेड पायजे तो पायाशी पायजे का डोक्यावर?" ती म्हणाली, "पायाशी." "मग बोळीत खाली दिवे लावा, वरून झाकण घाला, माझ्या भिंतीवर लावा, मी नाही म्हणत नाही. त्या खांबाचा उजेड अर्धा आभाळात जाते. आभाळात कोणता साप हाय?" थोडे लोक हसले. मग मी म्हटलं, उद्या आर्द्रा फुटली तर पाहायला कोणी पाहिजे की नाही? मागून एक पोट्टा म्हणाला, "काकाजी, ते त दिवसाही दिसन म्हणत होती बाई." मग सगळेच हसले. तो मुद्दा मी हरलो.

योगेश समजुतीनं बोलला. "काकाजी, बाई होती तवा आमी चौकात बल्बही नाही लावला. तिचा मान ठेवला. पण बाई त गेली. आता ते आभाळ पाहते कोण?"

मी म्हटलं, "मी पाहतो."

खरं तर मी पाहत नव्हतो. रागात तोंडून गेलं. केवळाबाई म्हणाली, "तुमाले समोरून सायकल येते का म्हैस येते ते समजत नाही." मी म्हटलं, मोतीबिंदू काढून एक डोळा बनवला आहे गोंदियाला, त्या डोळ्यानं पाहीन. शेवटी योगेशनं तोडगा काढला. बोळीत खालचे दिवे लागतील. काकाजी खरोखर पाहून, बाई पाठवत होत्या तसं पाठवत असतील, तोवर खांब पडलेला राहील. नुसतं तोंड चालवत असतील तर उभा होईल. मी म्हटलं, मंजूर.

दिव्यांवर तेलाच्या पिप्याचे पत्रे वाकवून झाकणं मीच बसवली. केवळाबाई खाली उभी राहून पाहत होती. म्हणाली, "पाय दिसून राहिले. बस झालं मले."

मग एका संध्याकाळी मी वाडीत बाज टाकली. दिवेलागणीची वेळ होती, मोहाचा वास येत होता, आणि आर्द्रा डोक्यावरून पश्चिमेकडे कलली होती. रोहिणी सापडली. वरचा, म्हणजे आर्द्रेहून उजळ, तारा सापडेना. तिच्या नकाशाची वरची बाजू कोणती हेच मला कळत नव्हतं, आणि विचारायला... असो. दुसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्या दिवशी ढग होते. मान दुखली, डास चावले, आणि ही बाई हे इतकी वर्षं कशासाठी करत होती, असा तिचा राग आला. पण मग एक दिवस दोन्ही तारे नीट सापडले. मी झटकन पाहिलं, नजर काढली, पुन्हा पाहिलं. आर्द्रा दोघांच्या मधात होती, वरच्याला जास्त जवळ. माझ्या डोळ्याला तशी दिसली.

ती ज्या मंडळाला आकडे पाठवत असे तिथल्या सरांना मीनानं फोन लावून दिला. मी विचारलं, बाकीच्यांचा आकडा किती आहे? सर म्हणाले, ते आधी सांगत नाही आम्ही, तुम्हाला काय दिसलं ते सांगा. मी सांगितलं. मग म्हटलं, तिच्या नावावर टाका. सर म्हणाले, "काका, तसं नाही करता येत. ज्यांनी पाहिलं त्यांचंच नाव लागतं." मला वाईट वाटलं. रागही आला. पण सर खरं बोलत होते, आणि तिनंही हेच सांगितलं असतं, याहून कडक आवाजात. तिनं पाहिलेलं तिचं आहे. मी त्यात भेसळ करणार नाही. म्हटलं, "मग माझं लावा. तेजराम लिहा."

काही दिवसांनी मीनानं मोबाइलवर सगळ्यांनी पाठवलेल्या आकड्यांचा आलेख दाखवला. सगळ्यांचे ठिपके एका ओळीनं, आणि माझा जरा वर, वेगळा. योगेश तेव्हा आलेलाच होता. त्यानं मोबाइल हातात घेतला. "काकाजी, तुमचा चुकला वाटते," तो म्हणाला. "बनवलेल्या डोळ्याले जास्त उजेड दिसत असन." मी म्हटलं, असेल. "मग दुरुस्त करून घेता का?" मी म्हटलं, "मले जसा दिसला तसा हाय. दुरुस्त कायले करू?" त्यानं मोबाइल परत दिला आणि खांबाचं काही बोलला नाही. खांब तसाच आडवा आहे. संध्याकाळी लोक त्याच्यावर बसून विडी ओढतात.

आता आर्द्रा दिवसेंदिवस पश्चिमेला खाली जाऊन राहिली. थोड्या दिवसांनी ती सूर्याच्या उजेडात बुडेल आणि मग पावसाळा संपेपर्यंत दिसणार नाही. तेव्हा आता काय पाहता, असं योगेश विचारायला येईल, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिचे बाकीचे तारे कोणते, कुठं उगवतात, ते मी तिच्या नकाशावरून मीनाकडून वाचून घेऊन शिकून राहिलो. आज आभाळ साफ आहे. लिहिणं इथंच ठेवतो. बाज टाकायची आहे.