तीन वेळा धुतलं, असं मी लिहिलं

तिवारीजींचा फोन आला तेव्हा मी लखनौच्या निशातगंजला भाजी घेत होते. ते आमच्या लॅबचे अटेंडंट. "बिटिया, नेने मैडम नहीं रहीं… सुबह हार्ट अटैक आया," एवढंच ते बोलले. लिहायलाही लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हा : चला, आता त्यांना सांगावं लागणार नाही. दुसऱ्याच क्षणी स्वतःचीच शिसारी आली. आपण अशा आहोत?

नेने मॅडम माझ्या पीएचडीच्या गाईड. आमचा जैव-अभियांत्रिकीचा कार्यक्रम संयुक्त. म्हणजे निम्मी वर्षं लखनौत, निम्मी परदेशातल्या विद्यापीठात, दोन गाईड आणि दोघांच्या सहीने मिळणारी एकच पदवी. दर गुरुवारी दुपारी तिकडचे सर पडद्यावर यायचे. मॅडम मूळच्या सांगलीच्या. इथे राहून हिंदी झक्क बोलायच्या, पण रागावायच्या मराठीतच. "मुक्ता, डोकं घरी विसरून आलीस काय गं?" शब्द न कळताही आख्खी लॅब हसायची. मग स्वतःच्या डब्यातलं चतकोर थालीपीठ माझ्यापुढे सरकवायच्या.

त्यांचा जीव आंब्याच्या डिंकात होता. लखनौजवळच्या मलिहाबादच्या बागांमधून त्या तो स्वतः गोळा करून आणायच्या. "मैडम, लोग दशहरी आम ले जाते हैं, आप गोंद?" असं बागवाले चिडवायचे. डिंक शुद्ध करून त्याचं जेल करायचं, त्यात पेशी वाढवायच्या आणि कधीतरी कुणाच्या झिजलेल्या गुडघ्यात नवी कूर्चा उगवेल, हे त्यांचं कित्येक वर्षांचं स्वप्न. हे जेल घट्ट व्हायला एक रसायन घालतात. पेशी सोडण्याआधी ते तीन वेळा धुऊन काढावं लागतं, नाहीतर पेशी मरतात. प्रयोगाच्या दिवशी परदेशी न्यायची बॅग घ्यायला जायचं होतं आणि बाबा खाली गेटवर हॉर्नवर हॉर्न देत होते. तुलनेसाठी केलेली दुसऱ्या पदार्थांची जेल आधीच धुऊन झाली होती; डिंकाचं मी एकदाच धुतलं. वहीत लिहिलं, तीन वेळा. दोन दिवसांनी पाहिलं तर बाकी सगळ्या पेशी जिवंत, डिंकातल्या तेवढ्या मेलेल्या.

मी तोंड उघडलं नाही. माझी जागा जाईल, परदेश हुकेल, बाबांना काय तोंड दाखवू… गुरुवारी तिकडचे सर म्हणाले, डिंक सोडून द्यावा. मॅडम माझ्या वहीवर बोट ठेवून बसल्या.

"तीनदा धुतलं होतंस ना?"

"हो मॅडम."

"मग झालं तर. आपला हट्ट कशाला?"

नंतर त्या हात धुवायला गेल्या. आतला नळ बराच वेळ वाहत होता.

रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगायचंच. तीन आठवडे नुसतं ठरवतच राहिले; मग तिवारीजींचा तो फोन आला.

तेराव्याला लखनौच्या महानगर भागातल्या त्यांच्या घरी गेले. त्यांचा मुलगा म्हणाला, "माँ कहती थीं, मुक्ता का लिखा आँख मूँदकर मान लो।" पुढे तिथे बसवेना मला. त्या गुरुवारी तिकडच्या सरांसमोर एकटीच बसले आणि सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, समितीला कळवावं लागेल, तोवर प्रयोग पुन्हा कर. माझ्या जागेचं अजून ठरायचंय. सरांना सांगून झालंय, म्हणूनच इथे लिहायचं धाडस करतेय.

फ्रिजमध्ये मॅडमच्या हातच्या डिंकाची एक बरणी शिल्लक होती. काल त्याचं जेल केलं. मोठ्याने मोजत तीन वेळा धुतलं, पेशी सोडल्या. आता लॅबमध्ये त्यांच्याच स्टुलावर बसून हे लिहितेय. शेजारी इन्क्युबेटर घुमतोय. उद्या सकाळी त्याचं दार उघडायचंय. पेशी मेलेल्या निघाल्या, तर डिंकच वाईट होता म्हणून मी थोडी तरी सुटेन. जिवंत निघाल्या, तर मॅडम बरोबर होत्या, आणि आपण हरलो असं समजून गेल्या… माझ्यामुळे. खूप भीती वाटतेय. तरी मनापासून म्हणतेय, जगू देत. मग मला जन्मभर झोप लागली नाही तरी चालेल.