तात्यासाहेबांचं तीन ओळींचं मंगलाष्टक

तात्यासाहेब मूळचे गंगापूरकडचे, ऊस-कपाशीवाले. नोकरी औरंगाबादच्या एका सरकारी कचेरीत, घर सिडकोत आणि नाद कवितेचा. घराण्यातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं त्यांचीच. त्यात दोन्हीकडच्या पणज्यांपासून गोदावरीच्या उगमापर्यंत सगळं येई. वैजापूरला पुतणीच्या लग्नात, ऐन मे महिन्यात, ते गोदावरी घेऊन नाशिकहून निघाले आणि कायगावला पोचायच्या आत नवरदेव चक्कर येऊन पडला. तात्यासाहेबांनी त्याचा अर्थ असा लावला, की मुलगा हळव्या मनाचा आहे.

त्यानंतर घरात खलबतं झाली. धाकटा भाऊ रामकिसन याने पेपरात वाचलं होतं, की शहरातल्या एका वाचनालयात दर रविवारी हायकू शिकवतात. जपानी कविता, एकूण तीन ओळी. रामकिसनला कवितेतलं काही कळत नव्हतं, पण तीन हा आकडा कळत होता. थोरल्या भावाला त्याने सांगितलं, की तुमच्या तोडीची विद्या आता जपानातच उरली आहे. तात्यासाहेबांना हे आधीपासून वाटतच होतं.

वर्ग आशाबाई घेत. कॉलेजातून निवृत्त झालेल्या. त्यांचं सांगणं साधं होतं: दिसलं ते तीन ओळींत मांडा, अक्षरं पाच, सात, पाच, आणि मग गप्प बसा. पहिल्याच रविवारी तात्यासाहेबांनी बर्फावरचा हायकू वाचला. त्याआधी त्यावर पाऊण तास प्रस्तावना केली. बाईंनी विचारलं, बर्फ कुठं पाहिलात? तात्यासाहेब म्हणाले, रसवंतीवर. मग बाईंनी त्यांना आठवडाभर घराजवळची एकच गोष्ट बघत बसायला सांगितलं.

ते अंगणातल्या नळासमोर खुर्ची टाकून बसले. पत्नी द्वारकाबाईंना वाटलं, यांना एकदाची घरातली पाण्याची अडचण दिसली. दिसली खरी, पण कवितेपुरती:

नळाशी हंडा
थेंब आला, थांबला
हंडाही गप्प

आशाबाईंनी तो दोनदा वाचून घेतला. कुणी वाहवा केली नाही, सगळे नुसते बसून राहिले. जन्मभर टाळ्या मागून घेतलेल्या माणसाला ती शांतता भलतीच गोड लागली. त्या दिवशी ते घरी येऊन काहीच बोलले नाहीत. द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावून ताप बघितला.

पुढे थोरल्या बहिणीच्या, वच्छलाबाईंच्या मुलीचं लग्न गंगापूरला निघालं. अंतरपाट धरला गेला. अनुभवी नातलगांनी आधीच पंख्याखालच्या जागा पकडल्या होत्या. मामा म्हणून मुलीमागे उभ्या असलेल्या तात्यासाहेबांनी माइक घेतला:

ओली हळद
दारात उभी जीप
आई आडोशी

आणि माइक भटजींच्या हातात दिला. लोक अक्षता मुठीत धरून पुढची ओळ यायची वाट बघत राहिले. बँडवाले निवांत चहाला गेलेले, त्यांना धावत आणावं लागलं. रामकिसनच्या डोळ्यांत कृतज्ञतेचं पाणी आलं. वच्छलाबाई मात्र जेवल्या नाहीत. पंगती उठल्यावर त्यांनी भावाला गाठलं.

“धाकट्याच्या पोरीला आख्खी गोदावरी, अन् माझ्या पोरीला तीन ओळी? अन् जीप कशाला घातली रे त्यात? आम्ही कार सांगितली व्हती.”

“अक्का, दिसली ती जीपच.”

खरं बोलायची सवय त्यांना नुकतीच लागली होती, त्यामुळे ते कुठं थांबवायचं हे कळत नव्हतं. बहिणीने वर्षभर अबोला धरला. राखी पोस्टाने आली, तीही बिनचिठ्ठीची. भाच्याबिच्यांनी मध्यस्थी केली, तात्यासाहेबांनी लांबलचक काहीतरी लिहून पाठवावं असं सुचवलं. त्यांनी लिहायला घेतलंही, पण तिसऱ्या ओळीनंतर हात चालेना.

शेवटी आपल्या नातीच्या बारशाला वच्छलाबाईच नरमल्या. पाळण्याजवळ भावाला बसवून म्हणाल्या, तुझं ते जपानी काय असतं, ऐकव तरी. तात्यासाहेबांनी नळाचा हायकू सावकाश म्हटला. बाई कान पुढे करून थांबल्या.

“पुढं?”

“पुढं काय नाय, अक्का. एवढंच.”

वच्छलाबाईंनी भावाच्या पाठीवरून हात फिरवला.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “सुचंल हळूहळू.”