हा जोक मराठीत सांगा

माझं नाव पुकारलं आणि हॉल आधीच फिदीफिदी हसायला लागला.

नव्व्याण्णव सालचं गॅदरिंग. रत्नागिरीतलं कॉलेज. फिशपॉन्डचा कार्यक्रम. रीत अशी, की ज्याची टर उडवायची त्याने स्टेजवर यायचं, चिठ्ठी वाचली जाताना उभं राहायचं आणि हसत हसत ती घ्यायची. लिहिणाऱ्याचं नाव नसतं. तोंड पाडलंत तर तुम्ही खिलाडू नाही.

निवेदक आंबा बागायतदाराचा मुलगा, इंग्रजी माध्यमातला. त्याने वाचलं, "समथिंग फिशी! शी टॉप्ड द क्लास!"

हॉल कोसळला. मला अर्थ कळला नाही. तरी हसले. मागच्या रांगेत आई होती. सकाळी बंदरावर मासे विकून, ठेवणीतली साडी नेसून, पहिल्या आलेल्या लेकीचं बक्षीस बघायला आलेली. लोक हसतायत म्हणून तीही हसत होती. टाळ्या वाजवत होती.

स्टेजवर बसलेले इंग्रजीचे सर पाहुण्यांकडे वळले. टेबलावरचा माइक समोरच चालू होता. "बघा, शब्द एक, अर्थ दोन. मासळीचा वास आणि संशयाचा वास. वर्डप्ले! भाषेवर प्रभुत्व लागतं याला."

तेव्हा कळलं.

प्रभुत्व? एका शब्दात माझ्या आईला घाण म्हणायचं आणि मला चोर. पकडलं की म्हणायचं, अगं, जोक होता. तो दुसरा अर्थ म्हणजे यांचं पळून जायचं मागलं दार.

निवेदकाने चिठ्ठी पुढे केली. "घे गं. स्माइल!"

चिठ्ठी नाही घेतली. त्याच्या हातातला माइक घेतला.

"आईला इंग्रजी येत नाही, म्हणून मराठीत सांगते. आई, हे म्हणतात, तुझ्या लेकीला मासळीची घाण मारते आणि ती कॉप्या करून पहिली आली. आता हसा."

कुणी हसलं नाही. मराठीत आल्याबरोबर विनोद मेला. उरली नुसती लाथ.

सर कुजबुजले, "अगं, सेन्स ऑफ ह्यूमर नाही का तुला?"

"आहे सर. आधी आईला सॉरी म्हणा, मग दाखवते."

म्हणाले नाहीत. खालून आईच ओरडली, "बक्षीस घे नि चल गो बाय!"

घेतलं. कुणालाही थँक्यू न म्हणता घेतलं.

पुढे इंग्रजी शिकले, चांगलं शिकले. कोट्याही कळतात. म्हणूनच सांगते. माझ्यादेखत कुणी गरिबावर इंग्रजीत कोटी केली, तर मी त्याला तिथेच अडवणार. म्हणणार, ज्याच्यावर केलीस त्याच्या डोळ्यांत बघ आणि त्याच्या भाषेत सांग. तो हसला तर मीही हसेन. नाही हसला, तर माफी माग. मागेपर्यंत वाट सोडणार नाही.