दुसऱ्यांदा भाजलेला पाव

नातीने फोनवर वाचून सांगितलं, "आजी, बिस्कीट म्हणजे मुळात दोनदा भाजलेलं. लॅटिन शब्द आहे. महिनोन्‌महिने टिकायचं म्हणून जहाजावर न्यायचे." मी चहात टोस्ट बुडवत होते. तो करपट गोड वास नाकात गेला आणि होळी नावाच्या गावातली एक दुपार समोर आली.

मी आठ वर्षांची होते. आम्ही तिथे नुकतेच राहायला गेलो होतो. शेजारच्या रेजिनामावशीने फळीवरून पत्र्याचा डबा काढला आणि तीन बश्यांत एकेक टोस्ट ठेवला. तिसरी बशी रिकाम्या खुर्चीसमोर सरकवली.

"खा गो. आमच्या अंतोननं भाजलेत. भट्टीतली आग विझली, की उरलेल्या उबेत उरलेला पाव परत ठेवतो तो. त्यातलं पानी गेलं, की पाव मरत नाय."

टोस्ट कुरकुरीत होता. मी दोन घासांत संपवला.

घरी आल्यावर सांगितलं, तशी आईची विळी थांबली. "अगं, तिचा नवरा अंतोन जाऊन चार वर्षं झाली म्हणतात. तिने त्याचा शेवटचा घाणा जपून ठेवलाय." मग तिने मला चूळ भरायला लावली.

आज वाटतं, मावशीने तिच्याकडचं सगळ्यात मोलाचं मला खाऊ घातलं. पण तेव्हा आईला एक गोष्ट सांगायची मी टाळली, ती आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

मावशीची चूल थंड होती. टोस्ट कोमट होता.