कपाटातली सात उत्तरं

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बाईंना अजूनही शेकडो नंबर तोंडपाठ होते. त्यातल्या बऱ्याचशा नंबरांवर आता फोन उचलणारं कुणी नव्हतं.

दर शनिवारी त्या गल्लीतल्या मुलांना लक्षात ठेवायच्या युक्त्या शिकवत. मुख्य युक्ती साधी होती. जे आठवायला हवं ते मनाने आपल्या घरात एकेका जागी ठेवायचं. मग डोळे मिटून दारापासून फिरायचं आणि उचलत जायचं. मुलं नद्या माळ्यावर ठेवत, ग्रह फ्रिजमध्ये.

इस्त्रीवाल्याची मुलगी काहीच ठेवत नसे. शाळेत तिला ढ म्हणत, आणि तिलाही ते पटलं होतं. बाईंनी जवळ घेऊन विचारलं, तेव्हा म्हणाली, “आमच्या खोलीत सगळे लोकांचे कपडे असतात. तिथे ठेवलं तर त्यांच्याबरोबर जाईल.”

“मग माझं घर घे,” बाई म्हणाल्या.

महिन्याभराने तोंडी परीक्षा होती. नापास झाली तर त्याच वर्गात पुन्हा बसवू, असं शाळेने तिच्या बापाला बजावलं होतं. वीस उत्तरं पाठ हवी होती. मुलगी रोज संध्याकाळी येऊन बाईंच्या खोलीत फेऱ्या मारू लागली. चपलांचा स्टँड, घड्याळ, खिडकी. सगळ्यात लाडकं होतं जुनं लाकडी कपाट. त्यात तिने सात उत्तरं ठेवली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी बहिणीकडे गेलेल्या बाई दुपारी परतल्या. लेकाने आईला खूश करायला कपाट भंगारात दिलं होतं आणि तिथे नवा सोफा मांडला होता.

बाई त्याच सोफ्यावर मटकन बसल्या. म्हणाल्या, “अरे, त्यात सात उत्तरं होती.”

“आई, मी दोनदा बघितलं. रिकामं होतं.”

“तुला रिकामं दिसलं.”

लेक धावत भंगारवाल्याकडे गेला. तोवर कपाटाची फळकुटं झाली होती.

संध्याकाळी मुलगी उजळणीला आली. खोली तिच्या नजरेस पडू नये म्हणून बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. आज नको, बरं वाटत नाही, म्हणाल्या. थाप मारायची त्यांना सवय नव्हती. मुलीचा चेहरा पडला.

“मला जमणार नाही, असं वाटतं ना तुम्हाला?”

बाई बाजूला सरकल्या.

मुलीने सोफा बघितला. मग दाराशी जाऊन तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. स्टँड. घड्याळ. खिडकी. तिचा गुडघा सोफ्याला लागला आणि ती थांबली.

मुलीने हात पुढे केला. मूठ वळून हवेतच दार ओढलं. तोंडाने बिजागरीसारखा बारीक आवाज काढला. वरच्या फळीपासून एकेक करत सातही उत्तरं बाहेर आली. दार लावताना तिने ते किंचित वर उचललं. ते तसंच लागायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मुलगी पास झाली. लेकाच्या मनाला मात्र टोचत राहिलं. सुताराकडून तसंच कपाट करून घेऊ का, त्याने विचारलं.

“कशाला?” बाई म्हणाल्या. “आहे ते. पोरीने इस्त्रीवाल्याच्या खोलीत नेऊन ठेवलंय, लोकांच्या कपड्यांशेजारी.”