लाल बटण निघालं की झडती

कपडे शिवायच्या कारखान्यात त्यांना सगळ्याच बायका वहिनी म्हणत, कारण त्यांची धाकटी नणंद तिथेच काज-बटणाच्या मशीनवर होती. वहिनींचं काम फाटकावर. संध्याकाळी सुटताना मधूनच कोणालाही थांबवायचं आणि पिशवी तपासायची.

पण वहिनींचा हात पडला न्यायाचा. घरी भाजी वाढतानासुद्धा कोणाला फोड जास्त जायची नाही. फाटकावरही तेच. एकीला थांबवलं की तिच्या मागचीला सोडायचं. काल जिची झडती झाली तिला आज त्रास नको. बऱ्याच जणी सुटल्या की वाटायचं, आता एखादी घ्यायलाच हवी. आणि समजूत मात्र अशी, की आपण कोणालाही, कसंही थांबवतो.

बायकांनी हे केव्हाच हेरलं होतं. जिला थांबवलं, तिच्या पाठीला चिकटून चालायला रेटारेटी व्हायची. इकडे दोऱ्याची रिळं पाय फुटल्यासारखी जात होती. साहेबांनी बजावलं, "महिनाअखेरीला माल जुळला नाही, तर फाटकावर दुसरी बाई बसेल."

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. नवरा म्हणाला, "डोळे मिटून निवड." पण डोळे मिटले तरी चपलेच्या आवाजावरून बाई कळायची. शेवटी त्यांनी एका थैलीत पांढरी बटणं भरली आणि थोडी लाल मिसळली. प्रत्येकीने न बघता एक काढायचं, लाल आलं की झडती, बटण परत थैलीत.

पहिल्या दिवशी नणंदेला लाल. दुसऱ्या दिवशीही लाल. तिसऱ्या दिवशी पुन्हा लाल. पिशवीत मात्र तिन्ही दिवस नुसता डबा.

"वहिनी, घरचा राग इथे काढताय का?"

"अगं, हात तुझा. मी नुसती थैली धरलीय."

"रोज एकच माणूस? असं कुठे असतं का?"

मागून कोणीतरी म्हणालं, "बटणालाही नणंद-भावजय कळते हो."

घरी नणंदेने ताटं आपटली. वहिनींनाही शंका आली. ओट्याशी उभं राहून त्या बटणं काढून बघू लागल्या. लागोपाठ लाल, लाल, लाल, आणि मग कितीतरी वेळ नुसती पांढरी. "मेल्यांना काही रीतभात म्हणून नाही," असं म्हणत त्यांनी थैली बांधली.

चौथ्या दिवशी नणंद हसत हसत आली. थैलीत हात घातला, आणि तिचा चेहरा उरलेल्या बटणांसारखा पांढरा पडला. मुठीत लाल होतं. पिशवीत डब्याखाली रिळं.

"आज माझं येणारच नव्हतं," ती पुटपुटली. "तीनदा आलं होतं ना."

"हे बटणाला कोणी सांगितलं होतं?"

तेवढ्यात साहेब जिना उतरताना दिसले. एकीकडे नोकरी, दुसरीकडे घर. वहिनींनी आवाज चढवला, "बरं झालं हो, खाली पडलेली रिळं उचलून आणलीस ते. जा, जागेवर ठेवून ये. आणि बायांनो, आजवर कोणाकोणाला कुठे सापडली असतील, त्यांनी उद्या घेऊन या. थैली उद्याही इथेच आहे."

नणंद रिळं घेऊन आत वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इतकी रिळं सापडली, की साहेबांना माल जुळवताना चार जास्तच भरली.