जिनिंगची मोटार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतो आहे? नीट कळत नाही.

खामगावच्या कॉलेजात रशीद आणि मी भौतिकशास्त्र शिकवायचो. मागेच कापसाची जिनिंग — सरकी काढायचा कारखाना. ती चालू असली की प्रयोगशाळेतली टेबलं थरथरायची. म्हणून लेसरची बारीक मापं आम्ही जिनिंगच्या सुट्टीलाच घ्यायचो. तरीही मापात थोडी थरथर उरायचीच. रशीद म्हणायचा, ही प्रकाशाचीच आहे — प्रकाश कणाकणांनी पडतो, कधी कमी, कधी जास्त. जोडीने जन्मणारे कण वापरले, तर एकाच्या मोजणीवरून दुसऱ्यातली चूक वजा करता येईल. माप कितीतरी बारीक होईल... हे बोलताना त्याचा चहा निवायचा.

आधी थरथर प्रकाशाची आहे, हे दाखवायला हवं होतं. एका सुट्टीला त्याने दिवसभर मापं घेतली: मंद उजेडात थरथर वाढली, प्रखर उजेडात कमी झाली — ती प्रकाशाची असेल तर असंच व्हायला हवं. सुट्टीतही दुरुस्तीसाठी कधी यंत्रांची मोटार फिरवून बघत, म्हणून मी जिनिंगच्या फाटकाशी पहाऱ्याला बसलो होतो.

पुढे नागपूरचे प्राध्यापक आले. आमच्यातला एक जण त्यांना संशोधनासाठी न्यायचा होता. मापं पाहून ते खूश झाले — रशीदवर. मग माझ्याकडे वळून विचारलं, त्या दिवशी मोटार नक्की बंद होती ना?

बंद होती. दिवसभर. मी म्हणालो — मंद उजेडाच्या वेळी थोडी फिरली होती.

"मग तुम्ही प्रकाश कुठे मोजलात? मोटार मोजलीत!" प्राध्यापक हसले.

रशीद माझ्याकडे वळला. "फिरली होती? मंग मले काऊन नाही सांगितलं बे?"

"ध्यानातून गेलं," मी म्हणालो.

नागपूरला मी गेलो. रशीदने मापांचा नाद सोडला, जळगाव जामोदला शाळेत लागला. आता परदेशात लोक त्याच वाटेने मापं बारीक करू पाहताहेत. मी ते वाचतो, वर्गात शिकवतोही.

गेल्या वर्षी शेगावच्या फलाटावर तो भेटला. मला वाटायचं, त्याला केव्हाच कळलं असेल. नव्हतं. मी खोटं बोलेन, हे त्याच्या मनात आलंच नव्हतं — संशय त्याने स्वतःच्या बुद्धीवर घेतला होता. सोबतच्या आपल्या मुलीला म्हणाला, "हा माहा दोस्त. याच्या एका शब्दानं मी वाचलो, नाही तं मोटारीलेच प्रकाश समजत राह्यलो असतो."

ती हसली. मीही हसलो.